अनुभवाचा रकाना

बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मी समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता. कोणत्या संस्थेत, ते सांगत नाही. कारण माझी जी थोडीफार तक्रार आहे ती एका संस्थेविरुद्ध नाही. अर्जात एक रकाना होता : ‘समाजकार्याचा पूर्वानुभव, प्रमाणपत्रांसह’. लालबागच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून मी तो अर्ज भरला आणि त्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘नाही’ असे लिहून मोकळी झाले.

मुलाखतीला तिघेजण होते. तिघेही सौजन्याने वागले. मराठीत बोलले तरी चालेल म्हणाले, पाणी दिले. मग त्यांपैकी एका बाईंनी विचारले, “आजवर समाजासाठी तू काय केलं आहेस?” मी म्हटले, “काही नाही, मॅडम.” पुढे आणखी दोनतीन प्रश्न झाले, पण ते उपचारापुरते होते हे माझ्याही लक्षात आले. माझ्या आधी आत गेलेल्या मुलाच्या हातात जाडजूड फाईल होती. बाहेर बाकावर बसलो असताना त्याने ती मला दाखवली होती : चौपाटीची स्वच्छता, वृक्षारोपण, अनाथाश्रमातला वाढदिवस, प्रत्येकाचे रंगीत प्रमाणपत्र. मुलगा चांगला होता. त्याला प्रवेश मिळाला असेल तर मला आनंदच आहे. माझे नाव यादीत आले नाही, मी या महाविद्यालयात बी. ए.ला आले, समाजशास्त्र घेतले, आणि आज एस. वाय.ला आहे.

ही हकीकत रडगाणे म्हणून सांगत नाही. ‘काही नाही, मॅडम’ हे उत्तर मी का दिले, याचा विचार गेली दोन वर्षे मी करीत आहे, आणि तो आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटते. कारण आपल्या वर्गातले निदान सातआठजण तरी बी. ए. झाल्यावर एम. एस. डब्ल्यू.चा अर्ज करणार आहेत, आणि त्या अर्जातही हाच रकाना त्यांची वाट पाहत असणार.

मुलाखतीहून घरी परतले त्या संध्याकाळची गोष्ट. चाळीचा जिना चढून वर येते तोच शेजारच्या मावशी बँकेचा कागद घेऊन दारात उभ्या. त्यांचे खाते गोठले होते, के. वाय. सी. करायची होती. मी चप्पल न काढताच तो कागद वाचून दाखवला. त्यात नवल काहीच नव्हते. सातवीत गेल्यापासून आमच्या माळ्यावरचे सरकारी कागद माझ्याकडे येतात. रेशनकार्डात सुनेचे नाव चढवणे, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख यांचा मेळ घालणे, सकाळी साडेसहाला निघून के. ई. एम.मध्ये कोणाचा तरी केसपेपर काढणे, हे मी करीत आले आहे. माझ्याआधी हे काम वरच्या माळ्यावरचा एक दादा करीत असे. त्याला नोकरी लागली आणि ते माझ्याकडे आले. याला आम्ही काही नाव दिलेले नाही. ‘जरा बघ गं’ एवढेच त्याचे नाव.

यात सर्वांत किचकट प्रकरण गिरणी कामगारांच्या घरांचे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या हजेरीपटावर होता तो, अथवा त्याचा वारस, म्हाडाच्या घराला पात्र. दीड लाखाहून अधिक अर्ज त्यासाठी आलेले आहेत. पुरावे काय, तर गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, ई. एस. आय.चे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद. ज्या गिरणीच्या जागी आता काचेचा मनोरा उभा आहे तिचे ओळखपत्र चाळीस वर्षे जपून ठेवणारी माणसे किती असतील? माझ्या आजोबांचा तिकीट नंबर घरात सर्वांना पाठ आहे, पण तो लिहिलेला कागद मिळाला तो देवघराच्या फळीवर अंथरलेल्या कागदांत, सर्वांत खाली. तो सापडला तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले. घर अजून मिळालेले नाही.

आणि आजी. माझी आजी खाणावळ चालवीत असे. साताऱ्याकडून आलेले, कुटुंब गावी ठेवलेले बावीस गिरणी कामगार तिच्याकडे दोन वेळा जेवत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, पगार बंद झाले, आणि आजीची खाणावळ उधारीवर चालू राहिली. तिने दागिने मोडले. किती महिने चालवली हे ती दर वेळी वेगळे सांगते, पण हिशेबाची वही अजून ट्रंकेत आहे. त्यातल्या काही नावांपुढे फुली आहे, म्हणजे पैसे आले. पुष्कळ नावांपुढे काही नाही. ती माणसे गावी गेली आणि परतलीच नाहीत. आजी त्यांच्याविषयी कधी कडवट बोलत नाही. “भुकेल्याला वाढल्यावर कशाला त्याच्या मागं लागायचं,” म्हणते. अशा खाणावळवाल्या बायका गिरणगावात शेकड्यांनी होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. आज त्या कार्यावर समाजकार्याच्या वर्गात व्याख्याने होतात. माझ्या आजीने मात्र त्या मुलाखतीत आपला अनुभव सांगायचा म्हटले असता तर तिनेही ‘काही नाही’ असेच सांगितले असते.

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. समाजकार्याचे शिक्षण ही काही परक्या मुलखातून कोणी टपालाने पाठवलेली वस्तू नव्हे. ना. म. जोशी यांनी १९११ साली या शहरात सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि तिच्या रात्रशाळा, वाचनालये गिरणी कामगारांच्या वस्तीत चालवली. ज्या डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे तो आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, भारतातली पहिली, ती नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये, क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली. नागपाडा म्हणजे भायखळ्याच्या पुलापलीकडे. तीच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५५ साली न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन सुरू झाले, म्हणजे गिरगावच्या वेशीवरच. रुग्णालयात समाजसेविका नेमण्याची सुरुवात भारतात झाली तीदेखील १९४६ साली, आमच्याच जे. जे.मध्ये. थोडक्यात, या विद्येचे माहेर आमच्या वस्त्यांत आहे. गिरण्या, चाळी, क्षयरोग, दारू, संप, यांतूनच तिचे धडे तयार झाले.

आणि तरीही आमच्या चाळीतून त्या वर्गात कोणी गेलेले माझ्या माहितीत नाही. त्या वर्गातून आमच्या चाळीत मात्र दरवर्षी कोणीतरी येते. हातात वही असते, गळ्यात ओळखपत्र असते. एकदा एका मुलीने आजीला विचारले, “कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?” आजीने तिला आधी बसायला पाट दिला, चहा दिला, आणि मग म्हणाली, “लिही तुला बरं वाटंल तेवढं.” ती मुलगी हसली, पण तिने खरोखरच काहीतरी लिहिले. त्यांच्या भाषेत याला क्षेत्रकार्य म्हणतात. आम्ही म्हणजे क्षेत्र. शेत जसे स्वतः शेतकी महाविद्यालयात प्रवेश मागत नाही, तसेच आमचे झाले आहे की काय, असे मला कधीकधी वाटते.

हे अर्थात पूर्ण खरे नाही. माझ्यासारखी मुले त्या संस्थांत पोहोचलेली आहेत, राखीव जागांमुळे आणि शिष्यवृत्त्यांमुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतली गेली तेव्हा टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला होता. त्या बहिष्कारातले आणि आमच्या माळ्यावरचे अंतर मला फारसे वाटत नाही. परंतु तिथे पोहोचण्याच्या वाटेवर जे दार आहे त्याची उंची कोणाच्या मापाने ठरवली, हा प्रश्न उरतोच.

भाषेचेच पाहा. टाटा संस्थेने २०२४ पासून स्वतःच्या परीक्षेऐवजी केंद्रीय पातळीवरच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचे गुण धरायला सुरुवात केली. हीच परीक्षा बारावीनंतरच्या प्रवेशासाठी असते तेव्हा ती मराठीसह तेरा भाषांत देता येते. पदवीनंतरच्या प्रवेशासाठी असते तेव्हा समाजकार्याचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे तीन वर्षांत आमचे मराठी आटून जावे अशी अपेक्षा आहे. ज्या मावशीचे दुःख ऐकायचे ती मराठीतच रडणार, हे कोणाच्या ध्यानात आले नसेल असे म्हणवत नाही. असो. या विषयावर आपल्या मराठी विभागातले सर माझ्यापेक्षा चांगले लिहितील.

माझा खरा मुद्दा रकान्याचा आहे. त्या रकान्याला दोन गोष्टी हव्या असतात : तास आणि सही. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरले, दोन वर्षांत २४० झाले, सात दिवसांचे शिबिर झाले की प्रमाणपत्र मिळते. मी योजनेच्या विरोधात नाही; शिबिराला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी खेड्यात खरोखर बंधारा घातला आहे आणि त्यांच्या हाताला फोडही आलेले मी पाहिले आहेत. मला जाता आले नाही, कारण दुपारी मी शिकवण्या घेते, आणि मार्चपासून जूनपर्यंत आई मिरची गल्लीत देठ खुडायला जाते तेव्हा घर माझ्यावर असते. माझ्या कामाचे तास कोणी मोजले नाहीत, आणि त्याखाली सही कोणाची घेणार? आजी अंगठा देते.

गंमत म्हणजे या योजनेचे बोधवाक्य ‘मी नव्हे, तर तुम्ही’ अशा अर्थाचे आहे. आणि प्रवेश अर्जासोबतच्या निवेदनात मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘मी’ लिहावा लागतो. मी संघटित केले, मी पुढाकार घेतला, मी नेतृत्व केले. आमच्याकडे असे बोलणाऱ्या माणसाला चाळीच्या सभेत खाली बसवतात. कोणाच्या घरी मयत झाली तर बांबू आणायला कोण गेला, वैकुंठरथाला फोन कोणी केला, हे दुसऱ्या दिवशी कोणी सांगत बसत नाही. म्हणून मुलाखतीत ‘काही नाही’ म्हणाले त्यात माझा थोडा संस्कारही होता, आणि थोडी भीतीही होती, हे कबूल करायला हवे. चाळीतले काम सांगितले तर हे लोक हसतील, असे मला वाटले. त्यांनी हसायच्या आधीच मी ते पुसून टाकले. यात त्यांचा दोष किती आणि माझा किती?

हे सारे मी एकदा आपल्या समाजशास्त्राच्या सरांना सांगितले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पण रोगी असणं म्हणजे डॉक्टर असणं नव्हे.” मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसले. पण नंतर मला एक प्रसंग आठवला, जो मी आजवर कोणाला सांगितला नव्हता.

आमच्याच माळ्यावर एक विधवा बाई आहेत. अकरावीत असताना मी त्यांचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला. उत्पन्नाची अट कडक, वर्षाला एकवीस हजारांच्या आत. अर्जात कुटुंबाचे उत्पन्न विचारले होते. त्या बाईंचा दीर त्याच खोलीत झोपतो, त्याचे रेशनकार्ड वेगळे, जेवण वेगळे. पण आमच्या चाळीत एका खोलीत जेवढी माणसे तेवढे कुटुंब. मी दिराचा पगार त्यात धरला. अर्ज अर्थातच नामंजूर झाला. पुन्हा कागद जमवून, चूक दुरुस्त करून अनुदान सुरू व्हायला पुढचे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत बाईंनी मुलाची शिकवणी बंद केली. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत, उलट संक्रांतीला तिळगूळ देताना माझ्या हातावर दोन लाडू जास्त ठेवले. ते लाडू मला गिळवेनात.

‘कुटुंब’ या शब्दाचा चाळीतला अर्थ मला ठाऊक होता, कायद्यातला नव्हता. ज्याला कायद्यातला ठाऊक आहे त्याला कित्येकदा चाळीतला ठाऊक नसतो. दोन्ही अर्थ एका डोक्यात यावेत म्हणून तर मला तिथे शिकायला जायचे आहे! सर म्हणाले ते बरोबरच होते. फक्त त्याला एवढे जोडावेसे वाटते की, रोगी राहिलेला माणूस डॉक्टर झाला तर कुठे दुखते हे त्याला दोनदा विचारावे लागत नाही.

मी असा डॉक्टर नव्हे, पण अशी समाजसेविका एकदा पाहिली आहे. २०१७ साली आजोबांना परळच्या एका रुग्णालयात ठेवले होते. औषधांचा खर्च झेपेना म्हणून आम्हाला समाजसेवा विभागात पाठवले. मी अकरा वर्षांची, बाबांचा हात धरून उभी. तिथल्या बाईंनी उत्पन्नाचा दाखला मागण्याआधी विचारले, “आज घरी स्वयंपाक कोणी केलाय?” बाबांना उत्तर देता येईना. आजी रुग्णालयात, आई कामावर. बाईंनी आपल्या डब्यातली पोळी मला दिली आणि मग फॉर्म काढला. ही पोळी कोणत्या प्रमाणपत्रात बसते मला माहीत नाही, पण हा अभ्यासक्रम करावा असे मला वाटू लागले ते त्या दिवसापासून.

दूरच्या देशांतही हा रकाना आहेच. दादरच्या माझ्या एका मैत्रिणीच्या बहिणीने कॅनडातील विद्यापीठांत समाजकार्याच्या पदवीसाठी अर्ज केला, तेव्हा तिच्यासोबत बसून मी ते अर्ज वाचले. जागा मोजक्या, मागणी मोठी. चांगले गुण हवेत, वैयक्तिक निवेदन हवे, शिफारसपत्रे हवीत, आणि सेवेचे तास हवेत. पण एक फरक मला दिसला. तिथल्या काही विद्यापीठांत मूलनिवासी अर्जदारांच्या प्रवेशाची वेगळी व्यवस्था आहे, आणि माणूस ज्या परिस्थितीतून आला तिच्याविषयी लिहिण्यास जागा ठेवलेली असते. ही उदारता आपोआप आलेली नाही. १९६० च्या दशकात आणि त्यानंतर तिथल्या बालकल्याण खात्याच्या समाजसेवकांनी मूलनिवासींची हजारो मुले घरांतून उचलून परक्या कुटुंबांत नेऊन ठेवली. ते लोक दुष्ट होते असे नव्हे. शिकलेले होते, प्रशिक्षित होते, आणि त्या घरांतले प्रेम ओळखण्याची नजर त्यांच्यापाशी नव्हती. २०१७ साली कॅनडातील समाजकार्य शिक्षणाच्या संघटनेने या अन्यायातला आपल्या क्षेत्राचा सहभाग जाहीरपणे मान्य केला. समाजकार्याच्या वर्गात कोण बसते, हा प्रश्न केवळ त्या विद्यार्थ्याच्या नोकरीपुरता नसतो तो यासाठी. उद्या तो विद्यार्थी कोणाच्या तरी दारात उभा राहून ठरवणार असतो की, या घरात मूल राहावे की न राहावे.

मग काय करावे? संस्थांना माझ्यासारखीने सल्ला द्यावा हे जरा अतिच. तरी मुलाखत घेणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की ‘समाजासाठी काय केलेस’ याऐवजी ‘तुमच्याकडे रात्री कोणी आजारी पडले तर पहिला निरोप कोणाकडे जातो’ असे विचारले तर? आणि ‘तुझ्या हातून कोणाचे नुकसान झाले आहे का’ असे विचारले तर? जाडजूड फाईलवाल्या त्या मुलालाही कदाचित या प्रश्नांवर सांगण्यासारखे पुष्कळ असेल. त्याला तरी कोण विचारते?

आपल्या महाविद्यालयाला मात्र काही करता येईल. तृतीय वर्षाच्या मुलांचे अर्ज सुरू होण्याआधी दोन दुपारी आपल्या प्राध्यापकांनी त्यांच्यासोबत बसावे, आणि ज्यांच्यापाशी प्रमाणपत्र नाही त्यांना नुसते बोलते करावे. कोण आंबेडकर जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवतो, कोण उत्सवाच्या गर्दीत हरवलेली मुले शोधून देतो, कोण टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर राहणाऱ्या गावाकडच्या नातेवाइकांना दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेचा पत्ता दाखवतो. खुद्द गाडगेबाबांच्या हाती खराटा होता, प्रमाणपत्र नव्हते. हे ऐकून, खातरजमा करून, महाविद्यालयाच्या कागदावर चार ओळी लिहून देणे नियमबाह्य होईल असे मला वाटत नाही. सर हसून म्हणाले, “आधी तू तुझ्या चार ओळी लिहून आण.”

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी लिहायला बसले. आजीने खाणावळीची वही काढून दिली. तिची मागची पाने कोरी आहेत. पहिल्याच पानावर निराधार योजनेचा तो अर्ज लिहिला, चुकीसकट. लिहिण्याआधी त्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “लिही, पण माझं नाव नको.” मग थोड्या वेळाने त्याच परत आल्या, हातात कागद. हयातीचा दाखला द्यायचा होता, वर्षातून एकदा लागतो. शनिवारी माझी शिकवणी नसते, तेव्हा जाऊ असे ठरले.